तिसरा नट

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी घेऊन जाणारे टेम्पो तुम्ही पाहिले असतील. पाहिले नसतील तर त्यांचा वास तरी नक्कीच घेतला असेल. बर्फ वितळतो, खारं पाणी फळ्यांच्या फटींतून ठिबकतं आणि खाली सायलेन्सरवर पडतं. तापलेलं लोखंड, त्यावर मीठ आणि पाणी. गंजाला आणखी काय हवं? जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा हे टेम्पो दुरुस्तीला येतात. माझे वडील ज्या गॅरेजात मेस्त्री आहेत तिथं त्या दिवसांत रांग लागते, आणि कॉलेज सुटल्यावर मीही तिथंच असतो. काळी नखं दिसू नयेत म्हणून वर्गात हात बाकाखाली ठेवून बसणारा मुलगा तो मीच.

सायलेन्सरचा पाइप इंजिनाच्या मॅनिफोल्डला तीन स्टडांवर नट आवळून जोडलेला असतो. नवा असताना हा नट दोन मिनिटांत निघतो. पण आठ-दहा पावसाळे गेले की गोष्ट वेगळी. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो आट्यांत फुगून बसतो आणि नट नि स्टड एकजीव होतात. रोज तापून-निवून स्टडही खंगलेला असतो. अशा वेळी जोर केला तर नट सुटत नाही, स्टडच तुटतो.

बाबा चौथीपर्यंत शिकले. पण ‘यांच्या हातून स्टड तुटत नाही’ अशी बंदरभर त्यांची ख्याती. त्यांची रीत अशी : आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशानं बाहेर आलेले आटे घासायचे, कारण नटाला त्याच वाटेनं यायचं असतं. मग डिझेल सोडायचं, हातोडीनं हलक्या टिचक्या मारायच्या, पुन्हा डिझेल, आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी सहा कोनांची गोटी लावायची (सॉकेटला आम्ही गोटी म्हणतो). बारा कोनांची गोटी नटाचे कोपरे झिजवून त्याला गोल करते. पहिला झटका आवळण्याच्या दिशेनं द्यायचा, म्हणजे गंजाची पकड मोडते. पाव फेरा सुटला की थोडा परत आवळायचा, पुन्हा डिझेल, पुन्हा पाव फेरा. “ओढू नको रे, नुसता हलव,” हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही.

एवढ्यानं नाही भागलं तर गॅसची ज्योत. आधी डिझेल पुसून घ्यायचं, टाकी आणि ब्रेकचे पाइप कुठं आहेत ते पाहायचं, आणि तापवायचा तो नट, स्टड नव्हे. असं का, ते मी एकदा भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पाहिलं. पोलाद एका अंशाला लाखात साधारण १.२ भाग वाढतं. ८ मिलिमीटरचं भोक ५०० अंश तापलं तर सुमारे ०.०५ मिलिमीटरनं मोठं होतं. वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीएवढं! बाबांना सांगितलं, तर म्हणाले, “तेवढं पुरतं.”

२०२४ च्या जुलैत असाच एक टेम्पो आला. दोन नट निघाले, तिसरा अडला. “मी सिलिंडर बदलून आणतो, तोवर हात लावू नको,” असं सांगून बाबा बाहेर पडले. टेम्पोवाला मात्र शेजारी उभा राहून “कॉलेजवाले, काय जमतंय का?” असं हसत विचारत होता. मी पान्याच्या दांड्यात हातभर पाइप घातला आणि अंगाचा भार टाकला. नट फिरला. किती सहज फिरला म्हणून आनंद झाला तो क्षणभरच. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला होता आणि नटासकट अर्धा स्टड गोटीत आला होता.

बाबा आले, त्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. तुटलेल्या टोकाच्या बरोबर मध्यभागी पंच मारला. आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग ५, मग ६.८, आणि शेवटी टॅप फिरवून आटे साफ केले. तुटका स्टड काढायचा एक उलट्या आट्यांचा दांडा मिळतो, पण बाबा त्याला शिवत नाहीत. तो आतच मोडला तर इतका कडक, की साधं ड्रिल त्यावर चालत नाही. जेवण न करता चार तास गेले. टेम्पोवाल्याची आरडाओरड ऐकून मालक आले.

“मेस्त्री, तुमच्या हातून?”

“हो शेठ. माझ्याच,” बाबा ड्रिलवरची नजर न काढता म्हणाले.

मी तिथंच होतो. हातात पाइपही होता. तोंड उघडलं नाही. त्या शनिवारी बाबांच्या पगारातून अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली, आणि महिनाभर गॅरेजात कुणी ना कुणी त्यांना विचारीत राहिलं, “काय मेस्त्री, म्हातारे झालात?” बाबा हसायचे. घरी आईलासुद्धा त्यांनी खरं सांगितलं नाही.

नव्या स्टडांवर त्यांनी पितळी नट बसवले, कारण पितळ लोखंडासारखं गंजत नाही, आणि आट्यांना तांबं घातलेलं ग्रीस लावलं. तो टेम्पो यंदाही आला होता. तिन्ही नट हातासरशी निघाले. मी काढले. बाबा शेजारी बसून चहा पीत होते.

मालकांचा मुलगा आपल्याच महाविद्यालयात वाणिज्य शाखेला आहे. त्यानं हा अंक घरी नेला तर माझी काही हरकत नाही.