मागच्या सीटवरून

आमचे हे २०२३ च्या मे महिन्यात हायस्कूलातून निवृत्त झाले. शाळेनं शाल दिली, नारळ दिला, पोरं पाया पडली. घरी आल्यावर मी शाल घडी करून कपाटात ठेवत होते, तेव्हा ह्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "फंडाचे पैसे आले की एक गाडी घेऊया काय?"

मला वाटलं चारचाकी. पाऊस, लग्नकार्यं, आता वयही झालं. म्हटलं, घ्या की. तर हे म्हणाले, "चारचाकी नव्हे. मोटरसायकल. क्रूझर."

क्रूझर म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. ह्यांनी मोबाईलवर चित्रं दाखवली. सीट खाली, हँडल वर आणि रुंद, पाय पुढे सोडून ऐसपैस बसायचं. पळवायची गाडी नव्हे, लांबवर निवांत जायची गाडी. साठ वर्षांचा, डावा गुडघा कुरकुरणारा माझा नवरा डोळे लहान मुलासारखे मोठे करून मला हे सांगत होता.

पुण्याहून मुलाचा फोन आला तो चिडूनच. "पप्पा, ह्या वयात? हायवेला काय ट्रक चालतात माहीत आहे ना? आई, तू तरी सांग की." त्यानं निर्णय माझ्यावर टाकला. ह्यांनीही टाकला. "तू नको म्हटलीस तर विषय संपला," म्हणाले आणि पेपर उघडून बसले. बायकांना हे वाक्य चांगलं ओळखीचं असतं. त्यात मोकळीक थोडी आणि ओझं जास्त.

मी रात्रभर जागी होते. त्याचं कारण मुलाला ठाऊक नव्हतं.

लग्नाआधी, १९८७ साली, ह्यांनी पगारातून साठवून एक जुनी येझदी घेतली होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली, २५० सीसीची, टू-स्ट्रोक, दोन्ही बाजूंना दोन सायलेन्सर. तिची किक आणि गिअरचा दांडा एकच. किक मारायची, आणि गाडी सुरू झाली की तोच दांडा पुढे फिरवून गिअरला वापरायचा. नव्या माणसाला हे जमायचं नाही. ह्यांना ते दाखवण्यात भारी मौज वाटे. १९९२ साली लग्न होऊन शहापुरात आले ती सासरची पहिली जत्रा मी त्याच गाडीवर बघितली, एका अंगाला बसून, एक हात ह्यांच्या खांद्यावर आणि दुसरा डोक्यावरच्या पदरावर.

१९९६ साली माझं बाळंतपण अवघड गेलं. ऑपरेशन, रक्त, वीस दिवस दवाखाना. बिल भरायच्या दिवशी हे गाडीवरून गेले आणि संध्याकाळी चालत आले. मी काही विचारलं नाही. त्यांनी काही सांगितलं नाही. त्याच वर्षी म्हैसूरचा कारखानाही बंद पडला. हे एकदाच म्हणाले, "बरं झालं, आता सुटे भागही मिळाले नसते." त्यानंतर आमच्या घरात स्कूटर आली, मुलाची फी आली, घराचा हप्ता आला. सत्तावीस वर्षं मोटरसायकलचा विषय कधी निघाला नाही.

सकाळी मी मुलाला फोन केला आणि त्याला हे पहिल्यांदा सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "घ्या. पण एबीएस दोन्ही चाकांना पाहिजे. आणि हेल्मेट दोघांना." तो आमच्या घरातला करार झाला.

आता कुठली घ्यायची? ह्यांचं मन अर्थातच नव्या येझदीवर. २०२२ साली ते नाव परत बाजारात आलं आहे. शोरूममध्ये रोडस्टरवर बसले, टाकीवरून हात फिरवला. पण तिची सीट ७९० मिलिमीटर उंच. ह्यांची उंची पाच फूट चार. दोन्ही पायांचे चवडे कसेबसे टेकले. चढावर, खडीत, पाठीमागं मी बसलेली असताना गाडी थांबवायची तर सगळा पाय जमिनीवर टेकायला हवा. हे न बोलता उतरले. जावाची बॉबर बुटकी आहे, दिसायलाही देखणी, पण तिला सीट एकच. मी म्हटलं, "मी काय पाठीमागून चालत येऊ?"

मुलाच्या मित्रानं सुपर मीटिऑर ६५० सुचवली. दोन सिलिंडरची, ताकदवान. सीट ७४० मिलिमीटर, म्हणजे बसायला सोपी, पण वजन २४१ किलो. गाडी चालताना वजन कळत नाही म्हणतात. पण अंगणात मागं ढकलताना, स्टँडवर लावताना ते गुडघ्यालाच कळणार. उरल्या दोन. बजाजची अ‍ॅव्हेंजर २२०, वजन १६३ किलो, सीट ७३७, मागं टेकायला पाठ. आणि रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५०, वजन १९१ किलो, सीट ७६५.

अ‍ॅव्हेंजर हलकी, स्वस्त आणि ह्यांच्या उंचीला अगदी बरोबर. माझं मत तिलाच होतं. मग ह्यांनी मला टॉर्क समजावला. मास्तरच ते. हॉर्सपॉवरमध्ये दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्या. पण चाक फिरवायचा जोर, म्हणजे टॉर्क, अ‍ॅव्हेंजरचा साडेसतरा न्यूटन मीटर आणि तोही इंजिन मिनिटाला ७००० फेरे मारतं तेव्हा. मीटिऑरचा २७, आणि तो ४००० फेऱ्यांनाच मिळतो. म्हणजे तवंदीच्या घाटात दोघं बसून चढताना सारखं गिअर खाली आणायला नको, इंजिनला किंचाळायला लावायला नको. मला आजीचं जातं आठवलं. हळू फिरायचं, पण एका फेऱ्यात भरपूर दळायचं. गिअर जितके कमी बदलायचे तितका डावा गुडघा सुखी. त्यात मीटिऑरचा गिअर टाचेनंही दाबता येतो, आणि एबीएस दोन्ही चाकांना. अ‍ॅव्हेंजरला तो पुढच्याच. मुलाची अट तिथं पुरी झाली.

शोरूममधला पोरगा सगळं ह्यांनाच सांगत होता. मी मागच्या सीटवर चढून बसले आणि विचारलं, "पाय कुठं ठेवायचे? हात कुठं धरायचा? साडीगार्ड आहे की नाही?" तो म्हणाला, "मॅडम, साडीगार्ड आजकाल लोक काढून टाकतात. गाडी चांगली दिसते." मैत्रिणींनो, हा प्रश्न तुम्हीही विचारा. मागच्या माणसाला धरायला हँडल, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं काहीतरी हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमातच आहे. चाकात पदर गुंतून पडलेली एक बाई मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. मी स्वतः आता दोन्हीकडे पाय टाकून, सलवार घालूनच बसते. पण गल्लीतली कुणी काकू साडी नेसून बसली तर? साडीगार्ड राहिला.

जूनमध्ये गाडी आली. ह्यांच्या एका मित्रानं दोन्ही बाजूंना लावायला चामड्याच्या पिशव्या भेट आणल्या. महागाच्या होत्या. पण आपल्याकडे चामडं चालत नाही, हे त्यांना नम्रपणे सांगितलं आणि आम्ही कॅनव्हासच्या घेतल्या. एका पिशवीत रेनकोट, दुसऱ्यात डबा. दिवस मावळायच्या आत जेवायचं तर डबा सोबत हवाच.

गाडीचं खरं शिक्षण पुढं झालं. पहिल्या लांबच्या फेरीत माझी कंबर गेली. क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे खड्डा आला की पायांवर भार देऊन उठता येत नाही, दणका सरळ माकडहाडात. मी ह्यांना सांगितलं नाही. दोन दिवस शेक घेतला. हे मात्र दुसऱ्याच नादात होते. गॅरेजवाल्यानं कानात घातलं होतं, "सर, सायलेन्सर बदला, एअर फिल्टर मोकळा घाला, गाडी मोकळी होते. पिकअप बघा मग." दिवाळीच्या आधी नवा सायलेन्सर आला. आवाज असा की गल्लीच्या टोकाला हे वळले की मी कुकर बंद करायला उठायची.

ताकद वाढली का? हे म्हणायचे, वाढली. मला वाटतं, आवाज वाढला की ताकद वाढल्यासारखी वाटते. पेट्रोल तर जास्त लागायला लागलं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. धूर जायची वाट आपण परस्पर मोकळी केली की त्याचा हिशेब चुकतो. मिश्रणात हवा जास्त होते, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट बार निघतात.

हे मला एका सकाळी कळलं. चातुर्मास संपून महिना झाला असेल. आम्ही स्तवनिधीला निघालो होतो, सुमारे ७० किलोमीटर. हत्तरगी मागं टाकली आणि पुढे रस्त्याच्या कडेनं आर्यिका माताजींचा संघ विहार करत चालला होता. अनवाणी, हातात पिंछी-कमंडलू, सोबत चार-पाच श्रावक-श्राविका. ह्यांनी आदरानं वेग कमी केला. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, आणि अगदी त्यांच्या शेजारीच सायलेन्सरनं तीन बार काढले. एक वयस्क माताजी दचकल्या आणि पांढऱ्या पट्ट्यावरून खडीत उतरल्या. सोबतच्या मुलीनं सावरलं म्हणून पडल्या नाहीत. अनवाणी पाय आणि ती खडी.

ह्यांनी गाडी बंद केली. आम्ही दोघं उतरलो, हात जोडून वंदामि म्हटलं. माताजींनी पिंछी उचलून आशीर्वाद दिला आणि चालू लागल्या. कुणी एक शब्द बोललं नाही. संघ बराच पुढे, वळणाआड जाईपर्यंत हे गाडी सुरू करायला तयार होईनात. चालताना पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपणारी ती माणसं, आणि आम्ही त्यांच्या कानाशी बार काढून गेलो.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा सायलेन्सर आणि एअर फिल्टर परत बसला. त्या दिवशी मीही कंबरेचं सांगून टाकलं. हे रागावले, "इतके महिने बोलली नाहीस?" मग पुस्तक घेऊन बसले. मागच्या स्प्रिंगला कडकपणाच्या सहा पायऱ्या असतात. आमची अगदी खालच्या पायरीवर होती, एकट्या माणसाची. दोघं बसलो की स्प्रिंग आधीच दबून जायची, खड्ड्यासाठी जागाच उरायची नाही. दोष गाडीचा नव्हता. आकडीच्या पान्यानं तीन पायऱ्या वर नेली. दोघं बसताना मागच्या चाकात जास्त हवा लागते, तीही भरायला लागलो. चेन पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सैल ठेवायची, ५०० किलोमीटरला पुसून तेल द्यायचं. मला टेकायला पाठ बसवली. ह्यात सगळ्यात महाग ती पाठच. गाडी आता मऊ चालते, घाटात गिअर मागत नाही, पेट्रोलही पहिल्यासारखं लागतं. मुख्य म्हणजे स्तवनिधीला पोचून मी सरळ उभी राहते आणि ब्रह्मनाथासमोर वाकू शकते.

संक्रांतीला मुलगा आला. दोन दिवस गाडीकडे नुसताच बघत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पप्पा, चला. मी चालवतो, तुम्ही मागं बसा." दोघं हेल्मेट घालून गेले. तासाभरानं आले. हे उतरताना कंबरेला हात लावत होते.

"अगं," मला म्हणाले, "मागं बसलं की गाडी वेगळीच लागते की."

बत्तीस वर्षं मी मागंच बसते आहे. पण ते म्हटलं नाही. तिळगूळ दिला आणि चहा ठेवला.