माँटेरेचा समुद्र आणि लेकीची काचेची पेटी

कॅलिफोर्नियाला लेकीकडे गेलेल्या आयांना डिस्नेलँड आणि सॅन फ्रान्सिस्कोचा तो लाल पूल चुकत नाही. पण भगिनींनो, एक दिवस हाताशी असेल तर माँटेरेला जरूर जा. सॅन होजेहून मोटारीने दीडेक तासाचा रस्ता. समुद्रकाठचं टुमदार गाव, आणि वारा असा की भर उन्हाळ्यातही शाल लागते.

इथल्या ‘कॅनरी रो’ रस्त्यावर एकेकाळी सार्डिन मासळी डब्यांत भरण्याचे कारखाने ओळीने उभे होते. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीची बहीणच! पुढे मासळी मिळेनाशी झाली आणि एकेक कारखाना बंद पडला. त्यांतल्या हॉव्हडेन कारखान्याच्या जागेवर १९८४ च्या ऑक्टोबरात मत्स्यालय उघडलं. त्यासाठी पैसा दिला डेव्हिड आणि ल्यूसिल पॅकार्ड या दांपत्याने.

आत शिरल्यावर पाय खिळतात ते २८ फूट उंच काचेपुढे. काचेपलीकडे केल्प नावाच्या समुद्री शेवाळाचं चक्क जंगल आहे. केल्पला आपल्या झाडांसारखी अन्न ओढणारी मुळं नसतात. ते पानांवाटेच अन्न घेतं, म्हणून भोवतालचं पाणी सतत हलतं हवं. त्यासाठी लाटांचं यंत्र बसवलं आहे. उजेडासाठी वर छप्पर नाही, थेट सूर्य! पाणी शेजारच्या उपसागरातून पंपाने येतं. दिवसा लोकांना नीट दिसावं म्हणून ते गाळून सोडतात आणि रात्री तसंच, सूक्ष्म जीवांसकट. म्हणजे रात्री माशांची पंगतच की हो!

माझी लेक हे सगळं फार बारकाईने पाहत होती. कारण हाच संसार तिने आपल्या दिवाणखान्यात मांडला आहे, दोनशे लिटरच्या पेटीत. त्यात खारं पाणी, पोवळी आणि चार मासे. समुद्र शेजारी नाही, तेव्हा त्याची कामं एक छोटा नियंत्रक करतो. वहीएवढी ती पेटी. तिच्या तारा पाण्यात सोडलेल्या. पाणी २५ अंशांखाली गेलं की हीटर सुरू, २६ झाले की बंद. सकाळी दिवे हळूहळू उजळतात, रात्री हळूहळू मालवतात.

सर्वांत मला पटलं ते पाण्याचं. आमटी आटली की खारट होते ना? तसंच इथेही. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. पातळी उतरली की तरंगता खटका खाली येतो आणि पंप बाजूच्या बादलीतलं पाणी सोडतो. बादली मात्र लहानच ठेवायची. खटका अडकून सगळी रिकामी झाली तरी पोवळ्यांचा जीव जाऊ नये.

त्या केल्पपुढे उभ्या असतानाच लेकीचा फोन किणकिणला. घरचं पाणी २८ अंशांवर! नियंत्रकाने हीटर केव्हाच तोडला होता, पण सॅन होजेला त्या दिवशी उकाडा भयंकर आणि घर बंद. लेकीचा चेहरा उतरला. सहा वर्षं वाढवलेली पोवळी ती. तिने शेजारच्या पंजाबी मावशींना फोन लावला. किल्ली त्यांच्याकडेच असते. मावशींनी जाऊन खिडक्या उघडल्या, पेटीवरचं झाकण काढलं, पाण्यावर पंखा लावला. पाणी उडालं की गारवा येतो, आपल्या माठासारखाच. संध्याकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा काटा २७ च्या खाली आला होता. मावशी चहा टाकून बसल्या होत्या.

चार वर्षं या पेटीपायी लेकीचं माहेरपण लांबत होतं. आता नियंत्रक आणि मावशी, दोघांच्या भरवशावर ती दिवाळीला येते आहे.

तुमच्या घरी माशांची साधी पेटी असेल आणि गावाला जायचं असेल, तर एवढं करा. दिव्याला टायमर लावा. हीटर थर्मोस्टॅटवालाच घ्या. पाण्यात बुडणाऱ्या उपकरणांसाठी गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. वायर प्लगच्या खाली थोडी लोंबती ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत न जाता खाली ठिबकेल. वीज जाते तिथे बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच. धडधाकट मोठे मासे दोन-तीन दिवस खाण्यावाचून सहज राहतात. शेजारणीने मायेने मूठभर खाणं टाकलं, तर ते कुजून पाणी नासतं. म्हणून एकेका वेळच्या पुड्या बांधून, वर वार लिहूनच किल्लीबरोबर द्या.