माझगावची टेकडी आणि परळची प्रयोगशाळा

दोस्तांनो, चला, आज मुंबईत फिरायला जाऊ या. पण राणीची बाग नको आणि चौपाटीही नको. आज आपण जायचं माझगावला. हार्बर लाईनच्या गाडीत बसा. मशीद बंदर गेलं, सँडहर्स्ट रोड गेलं, की येतं डॉकयार्ड रोड. उतरा इथे!

मुंबई मूळची सात बेटांची, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. त्यातलं एक बेट म्हणजे माझगाव. स्टेशनाला लागूनच भंडारवाड्याची टेकडी आहे. थोडा दम लागेल, पण चढून या. वरच्या बागेला जोसेफ बाप्टिस्टा यांचं नाव आहे. लोकमान्य टिळकांचे हे सहकारी याच माझगावचे. गंमत म्हणजे ज्या टेकडीवर तुम्ही उभे आहात, तिच्या पोटात पाण्याचा मोठा साठा आहे. आजूबाजूच्या वस्तीला इथून पाणी जातं.

आता पूर्वेकडे बघा. क्रेन दिसताहेत? तो माझगाव डॉक. १७७४ साली इथे एक छोटी गोदी होती. आज तिथे आपल्या नौदलाच्या युद्धनौका आणि पाणबुड्या बांधतात. २०१७ साली नौदलात दाखल झालेली ‘कलवरी’ ही पाणबुडी इथलीच.

मासेमारी करणारं हे चिमुकलं बेट एवढं कसं वाढलं बरं? नुसती माणसं येऊन वस्ती वाढत नाही. पाण्याचे नळ लागतात, रस्ते लागतात, रेल्वे लागते, गोदीच्या फाटकावर पहारेकरी लागतात. हे नीट ध्यानात ठेवा. कारण आज मी तुम्हाला आणखी एका वस्तीची गोष्ट सांगणार आहे. ती वस्ती वाढते माणसाच्या शरीरात. तिचं नाव कॅन्सर, म्हणजेच कर्करोग.

दचकलात? साहजिक आहे. घरात किंवा शेजारी कुणाला हा आजार झाला, की मोठी माणसं हळू आवाजात बोलू लागतात. मुलं खोलीत आली की एकदम गप्प होतात. मग मुलांना जास्तच भीती वाटते. त्यापेक्षा हा आजार आहे तरी काय, ते समजून घेतलेलं बरं, नाही का?

आपल्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. प्रत्येक पेशीने कधी वाढायचं, कधी थांबायचं आणि कधी मरायचं, याच्या सूचना तिच्या आत लिहिलेल्या असतात. सुमारे ३०० कोटी अक्षरांची ही वहीच म्हणा ना! एका पेशीच्या दोन होताना या वहीची नक्कल काढावी लागते. नक्कल काढताना चुका होणारच. बहुतेक चुका पेशी स्वतः दुरुस्त करते. पण काही तशाच राहतात. वर्षानुवर्षं त्या साठत गेल्या, की एखादी पेशी ‘थांब’ ही सूचनाच विसरते. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. अशी गाठ तयार होते.

पण खरी मेख पुढेच आहे. या गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. नव्या नव्या चुका होत राहतात आणि एकाच आईची लेकरं निरनिराळ्या स्वभावाची निघतात. कुणी भरभर वाढतं, कुणाला कमी प्राणवायू पुरतो, कुणी औषधाला दाद देत नाही. घरात डासांवर तेच ते औषध फवारलं की काय होतं? साधे डास मरतात, चिवट डास उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. डार्विनने प्राण्यांबद्दल जे सांगितलं, तेच गाठीतही घडतं, असं पीटर नॉवेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७६ साली मांडलं. म्हणूनच डॉक्टर पुष्कळदा एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळी औषधं देतात. एकाला चुकवलेली पेशी दुसऱ्याच्या तावडीत सापडावी!

आता वस्तीकडे परत येऊ. गाठ एक-दोन मिलिमीटरची झाली, की तिचं अन्नपाणी संपतं. मग ती आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना निरोप धाडते आणि नव्या वाहिन्या स्वतःकडे ओढून घेते. जणू नळाचं चोरून घेतलेलं कनेक्शन! शेजारी धागे विणणाऱ्या पेशी असतात. जखम भरून काढणं हे त्यांचं काम. गाठ त्यांनाही कामाला लावते. शरीराचे पहारेकरी म्हणजे पांढऱ्या पेशी. त्यांना ती चक्क खोटं ओळखपत्र दाखवून गप्प बसवते. माझगाव वाढलं, त्याने मुंबईला गोदी दिली, जहाजं दिली. ही वस्ती मात्र शेजाऱ्यांकडून फक्त घेते.

या आजाराच्या नावातही शेजार आहे बघा. कर्क म्हणजे खेकडा. गाठीभोवती फुगलेल्या शिरा जुन्या ग्रीक वैद्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात.

माझगावचे आंबेही एके काळी फार नावाजलेले होते. वर्षातून दोनदा फळणारी झाडं इथे होती, असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं आहे. आंब्याचं कलम कुठेही लावलं म्हणून धरत नाही. त्याला माती मानवावी लागते. १८८९ साली इंग्लंडमध्ये स्टीफन पॅजेट या डॉक्टरने हेच कॅन्सरबद्दल म्हटलं. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्याने तपासल्या. रक्तातून पेशी सगळीकडे जातात, पण नवी गाठ काही ठराविक अवयवांतच जास्त होते, असं त्याला दिसलं. बी कुठेही पडेल, पण रुजेल ते मानवणाऱ्या मातीतच!

ही माती ओळखण्याचं मोठं काम आपल्या मुंबईत झालं आहे. चला टेकडी उतरून भायखळ्याला. तिथून धीमी गाडी पकडली, की तिसरं स्टेशन परळ. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत खानोलकर. रुग्ण समोर आला की ते त्याच्या गाठीबरोबर त्याच्या सवयींचीही चौकशी करत. तो काय खातो, काय ओढतो, काय नेसतो? १९४५ साली त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी अशा सवयींशी जोडलेले तीन कॅन्सर जगापुढे मांडले. एक खैनीमुळे ओठाला होणारा. दुसरा, चुट्टा ही विडी पेटतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा. तिसरा, वर्षानुवर्षं घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचामुळे कमरेला होणारा. सवय जिथली माती बिघडवते, तिथेच बी रुजतं!

परळलाच १९५२ साली कॅन्सरच्या संशोधनाची संस्था निघाली. तिथे पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. आपल्या देशात तेव्हा हे अगदी नवं होतं. भांड्यातल्या पेशीला शरीराइतकी ऊब द्यावी लागते, योग्य खाऊ द्यावा लागतो. नाहीतर ती जगत नाही. म्हणजे पेशीलाही घर लागतंच!

आता तुमच्या-आमच्या कामाची गोष्ट. शाळेजवळच्या टपरीवर गोड सुपारीच्या पुड्या लटकलेल्या दिसतात ना? त्यात तंबाखू नसते, मग काय बिघडलं, असं वाटतं. सुपारीतली द्रव्यं गालातल्या त्या धागे विणणाऱ्या पेशींना सारखी डिवचत राहतात. त्या नको इतके धागे विणतात. मऊ गाल आतून चामड्यासारखा ताठ होतो आणि तोंड उघडेनासं होतं. आपल्याच हाताची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर दंतवैद्याला दाखवायला हवं. अशा ताठरलेल्या गालात पुढे कॅन्सरचा धोका खूप वाढतो. गाठ यायच्या आधीच माती तयार झालेली असते! सुपारीमुळे कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००३ साली जाहीर केलं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण सुपारीची पुडी हातात घ्यायची की नाही, हे तुम्हीच ठरवायचं.

म्हणून कुणाला कॅन्सर झाला की ‘काहीतरी खात असेल’ असं मात्र म्हणू नका हं! नकला काढताना झालेल्या चुका कुणालाही भोवू शकतात. लहान मुलांना होणारा रक्ताचा कॅन्सर काही त्यांच्या सवयींमुळे होत नाही. वेळेवर आणि पुरते उपचार मिळाले, तर त्यातली पुष्कळ मुलं बरी होऊन पुन्हा शाळेत येतात. आणि हा आजार शेजारी बसल्याने, एका डब्यात जेवल्याने लागत नाही. तेव्हा अशा मित्राला खेळायला जरूर बोलवा. फक्त सर्दी-खोकला असेल तेव्हा त्याच्यापासून लांब राहा. औषधांमुळे त्याचे पहारेकरी थोडे दमलेले असतात.

हे पहारेकरी जागे करायचीही युक्ती आता सापडली आहे. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांना खोटं ओळखपत्र ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या. पवईची आयआयटी आणि परळचं टाटा रुग्णालय यांनी मिळून तयार केलेल्या अशा उपचाराला २०२३ साली काही रक्ताच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली.

परळहून निघताना रुग्णालयासमोरच्या पदपथावर नजर टाका. गावोगावची माणसं पिशव्या, अंथरुणं आणि फायली सांभाळत बसलेली दिसतील. त्यातल्या कित्येकांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अंगभर पाठ टेकायला जागा मिळते. रुग्णाला औषध तर हवंच. पण त्याच्याभोवती उपचार संपेपर्यंत टिकून राहणारी माणसंही हवीत. बघा, शेजार इथेही महत्त्वाचा आहेच!