नमनाचे तेल

‘नमनाला घडाभर तेल’ ही म्हण मराठी माणसाच्या जिभेवर इतकी रुळलेली आहे की, स्तुती म्हणजे मूळ कार्याआधीचा खोळंबा, ही समजूतही तिच्यासोबत मनात रुजते. प्राचीन ग्रंथ शिकवू लागलो की विद्यार्थी आरंभीच्या नमनाच्या ओव्या उलटून थेट कथाभागाशी जातात. भाषेनेही स्तुतीला फारशा सन्मानाने वागवलेले नाही. ‘स्तुतिपाठक’, ‘स्तुतिसुमने’, ‘आत्मस्तुती’ हे शब्द उच्चारताना आपला स्वर आपोआप उपरोधाकडे झुकतो. स्तुती करणारा एकतर काही मागत असतो किंवा मिळालेल्याची परतफेड करीत असतो, असे आपण धरूनच चालतो.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक आणि ख्रिस्ती उपासकही आहोत. रविवारी ज्या गीतांनी उपासनेचा आरंभ होतो, त्यांच्याविषयी सोमवारी वर्गात काय म्हणावे, हा प्रश्न म्हणूनच आमच्यासाठी केवळ वाङ्मयीन नाही. बायबलमधील काही स्तुतिगीते या प्रश्नाच्या उजेडात वाचून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. या संग्रहाचे हिब्रू नाव ‘तेहिलीम’, म्हणजे स्तुतिगीते. प्रत्यक्षात मात्र त्यात विलापाचा आणि तक्रारीचा वाटा फार मोठा आहे. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे. त्याच्या पहिल्या दोन वचनांत ‘हे असे किती काळ?’ या अर्थाचा प्रश्न चार वेळा येतो आणि शेवट होतो तो गाण्याच्या निश्चयाने. मधल्या वचनांत संकट टळल्याचे कोठेही सांगितलेले नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याचा हिब्रूतील अखेरचा शब्दच ‘अंधार’ आहे. तरीही संकलकांनी ते वगळले नाही आणि संग्रहाचे नावही बदलले नाही. जनाबाईने विठ्ठलाला दिलेल्या शिव्या आपण भक्तीतच जमा धरतो. त्यामुळे मराठी वाचकाला याचे फार नवल वाटू नये. देवाच्या तोंडावर केलेली तक्रार ही देव ऐकतो आहे हे मान्य करूनच केलेली असते. स्तुतीचा पाया बहुधा येथेच आहे.

स्तुती लाभानंतर येते, या समजुतीला सर्वांत मोठा धक्का देणारे गीत हन्नाचे आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात ही कथा येते. हन्नाला मूल नाही. पनिन्ना, तिची सवत, तिला टोचून बोलते. पती एलकाना तिची समजूत घालतो, पण ती समजूत तिच्या दुःखापर्यंत पोचत नाही. शिलो येथील मंदिरात ती ओठांतल्या ओठांत प्रार्थना करते, तेव्हा वृद्ध याजक एली याला ती मद्य प्यालेली वाटते. पुढे तिला शमुवेल होतो. कथनाच्या सोयीने पाहिले तर स्तुतिगीताची जागा येथे आहे, बाळाच्या जन्मापाशी. पण येथे हन्ना गात नाही. मुलाचे अंगावरचे दूध तुटते, नवसाप्रमाणे ती त्याला शिलोला आणून एलीच्या स्वाधीन करते, आणि मग दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तिचे गीत येते. ज्या दिवशी तिला मुलावाचून घरी परतायचे आहे, त्या दिवशी ती गाते.

या गीतात राजाचा उल्लेख आहे, आणि त्या काळी इस्राएलात राजा नव्हता. म्हणून हे गीत उत्तरकालीन असून मागाहून कथेत घातले गेले, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर प्रश्न अधिकच रोचक होतो. ज्याने ते घातले त्याने नेमकी हीच जागा का निवडली? पुढे हन्नाला आणखी तीन मुलगे आणि दोन मुली झाल्याचे पुस्तक सांगते. पण गीत त्याआधीचे आहे. गीत आणि ही मुले यांच्यामध्ये कथाकाराने एक लहानसा तपशील ठेवला आहे. दरवर्षी ती शमुवेलासाठी एक छोटा झगा शिवून शिलोला नेत असे. दूर राहणाऱ्या, वाढत्या अंगाच्या मुलाचे माप तिने कसे धरले असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही. देऊन टाकलेल्या मुलाविषयीची तिची ओढ गीताने संपवलेली नाही. स्तुती आणि ओढ तिच्या ठायी एकत्र नांदतात.

लूकच्या शुभवर्तमानातील मरीयेचे गीत हन्नाच्या गीताच्या वळणावरच रचलेले आहे. सामर्थ्यवान खाली ओढले गेले, दीन उंचावले गेले, भुकेले तृप्त झाले, हा त्याचा आशय. हे घडल्याचे सांगणारी मूळ ग्रीकमधील क्रियापदे भूतकाळी रूपाची आहेत. वस्तुस्थिती अशी की, हेरोद सिंहासनावरच होता आणि मरीयेच्या उदरातील बाळ अजून जन्मलेलेही नव्हते. या क्रियापदांची उकल टीकाकार वेगवेगळ्या प्रकारे करतात. मराठी बोलणाऱ्याला मात्र त्यांपैकी एक वाट फार जवळची वाटावी. ‘तुम्ही व्हा पुढे, मी आलोच’, असे आपण चपला घालण्यापूर्वीच म्हणतो. त्या ‘आलोच’मधील भूतकाळ हा खोटेपणा नसतो, बोलणाऱ्याचा शब्द पक्का असल्याची ती खूण असते. मरीयेचा भूतकाळ आम्हाला या जातीचा वाटतो. देवाने दिलेल्या शब्दाच्या भरवशावर ती उद्याची गोष्ट काल घडल्यासारखी सांगते.

आता थोडे रचनेविषयी. हिब्रू काव्य अंत्ययमकावर उभे नाही. पहिल्या चरणाचा अर्थ दुसरा चरण वेगळ्या शब्दांत पुन्हा उचलतो, वाढवतो किंवा उलटवतो. रॉबर्ट लाउथ यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत या समांतरतेचे विवेचन केले. यमक भाषांतरात हरवते, अर्थाची ही जोडी मात्र टिकते. १३६व्या स्तोत्रात तर सव्वीसही वचनांचा उत्तरार्ध एकच आहे. एकाने म्हणावे आणि साऱ्यांनी उत्तर द्यावे, अशीच ती रचना आहे. आपल्या कीर्तनात बुवांनी चरण म्हटला की मागचे टाळकरी ध्रुपद उचलतात, तसे.

ही स्तुती मराठीत आली तीही आपल्या छंदांतून. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापले गेले, ते ओवीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. मधल्या काळात त्यांनी ख्रिस्ती उपासनेला अभंगाची आणि भजनाची चाल दिली. मराठी मंडळ्यांत आजही त्यांची गीते झांजांच्या साथीने गायली जातात. गाणारा एकटा पडू नये, ही सोय त्या चालीतच आहे.

या सोयीचा अर्थ आम्हाला २०२१च्या एप्रिलमध्ये कळला. साथीच्या दुसऱ्या लाटेत आमच्या आई गेल्या. एकाची ती आई, दुसरीच्या त्या सासूबाई. दफनाला मोजकीच माणसे होती. त्या संध्याकाळी अण्णांनी रोजच्या वेळी रोजच्यासारखी कौटुंबिक उपासना मांडली आणि स्तुतिगीत काढले. आम्हाला संताप आला. आज कशाबद्दल स्तुती, हे आम्ही उघडपणे विचारले नाही, पण गायलोही नाही. अण्णांचा आवाज पहिल्याच चरणावर फुटला. ते थांबले. तेव्हा आमच्या शाळकरी मुलीने पुढचा चरण उचलला. मग अण्णांनी त्याच्या पुढचा. दोन चरणांच्या मध्ये दोघेही रडत होते. गीत पूर्ण व्हायला नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ लागला. दुःख जरासुद्धा कमी झाले नव्हते. पण त्या घरात त्या दुःखाखेरीज आणखी काही होते, एवढे आम्हाला ऐकू आले.

येथे एक सावधानता आवश्यक आहे. शोकाकुल माणसाला ‘देवाची स्तुती कर’ असे बजावणे हा क्रूरपणा होऊ शकतो, आणि हे बायबललाच ठाऊक आहे. १३७व्या स्तोत्रात बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्या बंदिवानांना पकडून नेणारेच गाण्याची फर्माईश करतात. बंदिवानांनी वीणा झाडांवर टांगून ठेवल्या आहेत. त्यांचा नकारही स्तोत्रसंहितेत स्तोत्र म्हणूनच जपलेला आहे. उलट, प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै येथील तुरुंगात पौल आणि सीला मध्यरात्री गातात. पाय खोड्यात असताना, भूकंपाने दारे उघडण्यापूर्वी, कोणीही सांगितले नसताना. फर्मावलेली स्तुती आणि आतून उगवलेली स्तुती यांतील अंतर या दोन प्रसंगांत मोजता येते. अण्णांनी आम्हाला गा म्हटले नव्हते. त्यांनी फक्त स्वतः गायला सुरुवात केली होती.

नमनाच्या ओव्या आम्ही आता वर्गात गाळत नाही. मुलांना इतकेच विचारतो की, अद्याप एकही ओवी पुढे सरकलेली नसताना हा कवी कोणाच्या भरवशावर बोलतो आहे? चर्चा बहुधा चांगली होते.

आणि वर्गाबाहेर, रात्री, आमचे मागणे असे असते:

हे प्रभू, रिकाम्या हातांनी घरी परतणाऱ्या हन्नेच्या गळ्यात तू गीत दिलेस, आणि झगा शिवण्याची तिची ओढही तिच्याजवळ राहू दिलीस. आमच्याही दोन्ही गोष्टी राहू दे. ज्या दिवशी आम्हाला गाता येणार नाही, त्या दिवशी आमचा चरण उचलणारे कोणी जवळ असू दे. ज्याची वीणा झाडावर टांगलेली आहे, त्याच्याशेजारी आम्हाला मुकाट बसता येऊ दे. आणि कोणाचा आवाज मध्येच फुटला, तर पुढचा चरण आम्हाला आठवू दे. आमेन.