सध्या काय वाचताय, साहेब?



बर्फ पडून खालचा रस्ता बंद झाला की आमच्या पोस्टवर दोन गोष्टींचा भाव वाढतो, कांदा आणि पुस्तक. कांद्यावर पुढं कधीतरी लिहीन. पोस्ट कुठं आहे ते नेहमीप्रमाणे सांगत नाही. पत्ता ५६ एपीओ, एवढं पुरे.

पेन्शनीत गेलेले जुने साथीदार फोन करतात तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. "पोरं आता वाचतात का रे, की नुसता मोबाईल?" वाचतात, साहेब. तुमच्या आमच्यासारखी नाही वाचत, पण वाचतात. यंदाच्या थंडीत कुणाच्या हातात काय आहे ते सांगतो, म्हणजे तुम्हालाच पटेल.

सगळ्यात जास्त मागणी 'छावा'ला आहे. २०२५च्या फेब्रुवारीत सिनेमा आला, आणि सुट्टीवरून परतणारी पोरं तो बघून आली. त्यांतल्या निम्म्यांना माहीत नव्हतं की त्यामागं शिवाजी सावंतांची कादंबरी आहे आणि ती १९७९ सालची आहे. मग रांग लागली. प्रत एक आणि वाचणारे सात! आमच्या लांगरीनं उपाय काढला. कटरनं पुस्तकाचे चार भाग केले, पोतं शिवायच्या दाभणानं टाके घातले आणि वर रेशनच्या खोक्याचा पुठ्ठा लावला. मी आधी हळहळलो. पण आता चौघं एकाच वेळी वाचतात, आणि लातूरकडच्या एका पोराला दुसरा भाग मिळेना म्हणून त्यानं तिसरा आधी वाचून काढला. शेवट ठाऊकच होता, म्हणाला. मला वाटतं पुस्तकाचा याहून मोठा मान कपाटात होत नाही.

तसंही इथं जाड पुस्तकाचे हाल होतात. उणे वीसला बाइंडिंगचा डिंक काचेसारखा कडक होतो. उघडलं की कट्‌ आवाज येतो आणि पानांचा गठ्ठा हातात. बुखारीची काजळी पानांच्या कडांना बसते ती वेगळीच. जनरेटर रात्री बंद झाला की कपाळाला टॉर्च लावून स्लीपिंग बॅगेत वाचायचं, पान उलटायला एकच हात बाहेर. ई-बुकवाल्यांनी मला शहाणपण शिकवू नये, थंडीत बॅटरी पानाच्या आधी मान टाकते. ऐकायची पुस्तकं मात्र चालतात. खाली हेडक्वार्टरला गेलेला गडी नेटवर्क मिळेल तितकं उतरवून आणतो, आणि मग रात्री बंकरात एकाच्या फोनवर पाचजण पु. लं.ची 'व्यक्ती आणि वल्ली' ऐकतात. बाकी ड्युटीवर कानात काही नको, हे सांगायला नकोच.

आमचा नर्सिंग असिस्टंट केरळचा आहे. पहिल्या महिन्यात तो माझ्या उशाशी असलेल्या 'मृत्युंजय'कडे बघून हसला आणि आपल्या पेटीतून एक मल्याळम पुस्तक काढलं. नाव 'कर्णन'. तेच पुस्तक! १९६७ सालची मराठी कादंबरी, आणि हा गडी ती आपल्या भाषेतलीच असल्यासारखी बोलत होता. त्याच्या आईनं ती तीनदा वाचली आहे म्हणे. आता आम्ही दोघं मिळून वाचतो. मी माझ्या प्रतीतला प्रसंग मोडक्या हिंदीत सांगतो, तो त्याच्यातला. कधी कधी वाद होतो. कुंतीला तो माफ करतो, मी करत नाही. त्यानं बदल्यात मला बेन्यामिनचं 'आडुजीवितम' वाचायला लावलं, इंग्रजीतून, 'गोट डेज' नावानं. आखातात फसलेला मजूर वाळवंटात शेळ्या राखतो त्याची गोष्ट. चारी बाजूंना बर्फ असताना वाळवंटाचं वाचणं विचित्र होतं, पण माणूस घरापासून तुटला की काय होतं ते दोन्हीकडं सारखंच.

'पानिपत'वर आमच्याकडं वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. विश्वास पाटलांची ही कादंबरी १९८८ची. हरियाणात पोस्टिंग होतं तेव्हा काला आंबच्या स्मारकाला जाऊन आलेले लोक ती वेगळ्या नजरेनं वाचतात. तरणी पोरं विश्वासराव आणि भाऊसाहेबांसाठी हळहळतात. आमचे क्वार्टरमास्टर मात्र फक्त रसदीचं बोलतात. दोनेक महिने कोंडी, गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, धान्य येण्याची वाट बुडाली, आणि १४ जानेवारी १७६१ला उपाशी फौज मैदानात उतरली. "तलवारीचं नंतर बोला, आधी पीठ किती होतं ते सांगा," असं ते म्हणतात. ज्यानं महिनोन्‌महिने हेलिकॉप्टरची वाट बघत पिठाची पोती मोजली आहेत, त्याला तो अधिकार आहे.

मी स्वतः मध्येच गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' पुन्हा काढतो. वरसईचा गरीब भिक्षुक दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत गेला आणि १८५७च्या धुमाळीत सापडला. झाशी पडली तेव्हा तो शहरातच होता. हे छापून आलं १९०७ साली. बबीन्याला असताना मी ते झाशीच्या किल्ल्याजवळ बसून वाचलं होतं. लढाई न करणाऱ्या माणसानं लिहिलेली लढाई आहे, म्हणून मला आवडते. त्याला भूक, तहान आणि पळवाट दिसते. शौर्य आपोआप मधून मधून येतं.

आता सुभेदारसाहेबांचं सांगतो. ते साताऱ्याकडचे, पाच महिन्यांनी पेन्शन. 'सैनिक समाचार'ची मराठी आवृत्ती सोडली तर त्यांना कुणी काही वाचताना पाहिलं नव्हतं. डिसेंबरात ते माझ्या बंकरात आले, खोक्यातली पुस्तकं चाळली आणि 'रारंग ढांग' हातात घेऊन उभे राहिले.

"मास्तर, हे बॉर्डर रोडवाल्यांचं ना?"

मी हो म्हटलं. प्रभाकर पेंढारकरांची कादंबरी, १९८१ची. मुंबईतली नोकरी सोडून विश्वनाथ नावाचा इंजिनीयर हिमाचलात सीमेवरचा रस्ता बांधायला जातो. ढांग म्हणजे सरळ उभा कडा, त्याच्या पोटातून सुरुंग लावून रस्ता काढायचा, खाली सतलज. वरून आलेला हुकूम मानायचा की डोळ्यांना दिसणारा धोका, यावरून त्याचं अधिकाऱ्यांशी वाजतं आणि गोष्ट कोर्ट मार्शलपर्यंत जाते. मराठीत फौजेवर पुष्कळ लिहिलंय, पण रस्ता करणाऱ्यांवर एवढं चांगलं दुसरं मी वाचलं नाही.

साहेबांनी पुस्तक नेलं. मग कळलं की त्यांचा धाकटा भाऊ ग्रेफमध्ये होता. अकरा वर्षांपूर्वी, हिमाचलातच, दरड हटवताना वरून दगड आला. साहेब तेव्हा राजस्थानात होते. गावी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. भाऊ नेमकं काय काम करायचा, ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. "रस्त्यावर आहे" एवढंच घरात माहीत होतं.

ते रोज दोन-तीन पानं वाचतात, जास्त नाही. संध्याकाळी स्टँड-टू उतरला की चहाचा मग घेऊन येतात आणि विचारतात. सुरुंगाला भोक किती खोल मारतात? डोझर चालवणारा एकटाच पुढं असतो का? दरड कोसळण्याआधी काही आवाज होतो का? मला जमेल तेवढं मी सांगतो. उरलेलं आमच्या पोस्टच्या खालच्या वळणावर काम करणाऱ्या ग्रेफच्या ओव्हरसियरला विचारायला रविवारी आम्ही दोघं चालत गेलो. त्यानं तासभर समजावलं. डोझरवरचा माणूस पुढं असतो, आणि वर कड्याकडं बघत शिटी घेऊन एक माणूस उभा असतो. खडे घरंगळायला लागले की तो शिटी मारतो. साहेबांनी तो शिटीवाला दाखवायला सांगितला. झारखंडचा पोरगा होता, विशीतला, अंगावर दोन स्वेटर. साहेबांनी त्याला आपले लोकरीचे हातमोजे दिले आणि काही न बोलता वर चढायला लागले.

अर्ध्या वाटेवर दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, "भाऊ सुट्टीवर आला की शिटी वाजवून पोरांना गोळा करायचा. मला वाटायचं याला खोड आहे."

सध्या ते पान १०० च्या पुढं आहेत. गावी फोनवर त्यांनी भावजयीला पुस्तकाचं सांगितलं. ती म्हणाली, तुमचं वाचून झालं की मला पाठवा, दादा. साहेबांनी मला दुसरी प्रत मागवायला लावली, कारण आपली प्रत ते देणार नाहीत. समासात पेन्सिलीनं त्यांनी बारीक अक्षरात काय काय लिहिलंय, ते मी बघितलेलं नाही.

पार्सल साताऱ्याच्या पत्त्यावर जाईल. इथल्या खोक्यासाठी पोरांची यादी वेगळी आहे. 'बनगरवाडी', 'एक होता कार्व्हर', आणि 'छावा'ची आणखी एक प्रत. यावेळी न कापता वाचायची, असं लांगरी म्हणतो. बघू.