रोवणीत कंबर का धरते?

भंडाऱ्यात धानाची रोवणी सुरू झाली की माझ्याकडे कंबरदुखीच्या बाया वाढतात. मजुरी बुडू नये म्हणून इंजेक्शन मागतात. त्याने दुखणं दबतं, कारण तसंच राहतं.

दिवसभर वाकून पऱ्हे लावताना ताण कण्यावर येतो. पोटाचे आणि कमरेचे खोल स्नायू मजबूत असतील, तर ते कण्याला आतून आधार देतात. मांड्यांचे मागचे स्नायू आखडले असतील, तर सगळा बाक कमरेतच येतो.

म्हणून दीड-दोन महिने आधीच सुरुवात करा. उताणे झोपून गुडघे वाकवा, कंबर उचला, दहा सेकंद धरा; असं दहा वेळा. मग पाय लांब करून मांड्या ताणा. बांधीत अर्ध्या तासाने ताठ उभे राहा.

पाय बधिर झाला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर मात्र व्यायाम नको; लगेच दवाखाना गाठा.