आजीला 'त्यू'

दिवाळीत धुळ्याला गेलो होतो. लेक पुण्यात तिसरीत आहे, शाळेत फ्रेंच. 'जं मापेल...' म्हणजे 'माझं नाव...', हे तिच्याकडून घोटून घेत होतो. आई ऐकत होती. म्हणाली, "आपलं सोपं शे. मनं नाव..."

मग मलाही युक्ती सुचली. फ्रेंचमध्ये आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं असतं, 'त्यू' आणि 'वू'. टीचरला 'वू', आजीला 'त्यू'. इंग्रजीतून शिकवताना अडलेली गाडी मराठीतून सुटली! फक्त चंद्र तिकडे स्त्रीलिंगी, यावर ती खूप हसली.

रात्री मात्र झोप लागेना. पाचवीत वडिलांच्या बदलीमुळे जळगावला गेलो. पहिल्याच आठवड्यात वर्गात अहिराणीत उत्तर दिलं, सगळे हसले. तेव्हापासून शाळेत नाही, मग हळूहळू घरीही नाही. आई बोलायची अहिराणीत, मी उत्तर द्यायचो 'शुद्ध' मराठीत. लेकीला तर मी अहिराणीचा एक शब्दही दिला नाही. फ्रेंचची फी मात्र वेळेवर भरतो. असो.

आता रविवारी फोनवर आजीचा क्लास असतो. परवा लेकीने विचारलं, "आजी, तू कशी शेस?"

पलीकडून आई थोडा वेळ बोललीच नाही.